सव्वा कोटीत एक, हजारात तीन

सुमारे ३५ कोटी मेल गेले. २६ दिवस लागले. खरेदीपर्यंत पोचलेली गिऱ्हाइकं २८.

नको असलेल्या मेलचा, म्हणजे आपण ज्याला स्पॅम म्हणतो त्याचा, धंदा समजून घ्यायला मला या तीन आकड्यांइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही. हे आकडे २००८ सालचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी ‘स्टॉर्म’ नावाच्या बॉटनेटमध्ये शिरकाव केला. बॉटनेट म्हणजे मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेल्या हजारो संगणकांची फौज. या फौजेच्या एका लहानशा भागातून, जेमतेम दीड टक्क्यातून, जाणाऱ्या मेलमधली लिंक संशोधकांनी बदलली आणि ती स्वतः उभ्या केलेल्या औषधांच्या लुटुपुटीच्या दुकानाकडे वळवली. तिथे पैसे घेतले जात नव्हते. गिऱ्हाईक पैसे द्यायला निघालं की व्यवहार थांबायचा आणि नोंद व्हायची.

जवळपास ३५ कोटींपैकी ८ कोटी २७ लाख मेल समोरच्या सर्व्हरने स्वीकारले. दुकानाच्या पानापर्यंत १०,५२२ जण आले. खरेदीला तयार झालेले २८, आणि त्यातल्या २७ जणांना पुरुषांच्या लैंगिक शक्तीची औषधं हवी होती. एकूण मागणी २,७३१ डॉलरची, तेव्हाच्या दराने एक लाख रुपयांच्या थोडी वर. भागाकार केला तर साधारण सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक पडतं.

आता हाच धंदा पोस्टकार्डावर करून पाहू. साधं पोस्टकार्ड ५० पैशांचं. ३५ कोटी कार्डांचे साडेसतरा कोटी रुपये होतात, आणि हाती येणार लाखभर. पहिल्याच दिवशी दिवाळं निघेल. पोस्टाच्या पेटीत जाहिरातींचे कागद येत असत, अजूनही येतात, पण त्यांना मर्यादा असते, कारण प्रत्येक कागदाला छपाई आणि तिकिटाचा खर्च आहे. मेलला तिकीट नाही. आणि बॉटनेटवाल्याला तर वीज आणि इंटरनेटही दुसऱ्याचं. म्हणून सव्वा कोटीत एक हे प्रमाणसुद्धा त्याला पुरतं. त्या संशोधकांनी आपले आकडे अख्ख्या स्टॉर्मला लावून पाहिले, तेव्हा औषधांच्या विक्रीतून वर्षाला सुमारे ३५ लाख डॉलर मिळू शकतील असा अंदाज निघाला.

मग तिकिटाचे पैसे देतं कोण? जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली हा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने स्पॅममुळे अमेरिकेतल्या कंपन्यांचं आणि ग्राहकांचं वर्षाला सुमारे २,००० कोटी डॉलरचं नुकसान होतं: फिल्टर, सर्व्हर, आणि मेल पुसण्यात जाणारा वेळ. स्पॅमवाल्यांची जगभरातली मिळकत मात्र २० कोटी डॉलर. म्हणजे स्पॅमवाल्याला एक रुपया मिळावा म्हणून समाज शंभर रुपये भरतो. तुलनेसाठी त्यांनी मोटारचोरीचा आकडा दिला आहे. तिथे चोराच्या एका रुपयामागे समाजाचं नुकसान ७ ते ३० रुपये. या एका तुलनेसाठी तरी मी स्पॅमला किरकोळ कटकट म्हणायचं सोडून दिलं आहे.

नव्वदवरून पंचेचाळीसवर

पहिला स्पॅम ३ मे १९७८चा मानतात. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थ्यूर्क यांनी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या ३९३ पत्त्यांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. तेव्हाच तक्रारी झाल्या, आणि त्यांना समजही मिळाली. पुढे ३९३चे अब्ज झाले. २००४च्या जानेवारीत दावोसमध्ये बिल गेट्स यांनी सांगितलं होतं की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. तसं झालं नाही. सिमँटेक या संगणक सुरक्षा कंपनीच्या मोजणीत २०१० साली जगातल्या एकूण मेलपैकी ८९.१ टक्के मेल स्पॅम होते.

गेल्या काही वर्षांत कॅस्परस्कीच्या मोजणीत हे प्रमाण ४५ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान आहे. दोन कंपन्यांची मोजायची पद्धत एक नाही, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून नेमकी वजाबाकी करू नये. उतार मात्र खरा आहे, आणि त्याची कारणं पाठवणाऱ्यांच्या यंत्रणेच्या आणि तिजोरीच्या बाजूने शोधावी लागतात. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या, स्पॅमवाल्यांचे सर्व्हर ठेवणाऱ्या मॅककोलो या एका होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिला सेवा देणाऱ्यांनी तोडली, तेव्हा जगातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून जास्त घटला. काही महिन्यांत तो पुन्हा वर आला, पण एवढा प्रचंड प्रवाह किती थोड्या नळांतून येतो हे त्या रात्री दिसलं. मार्च २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने ‘रस्टॉक’ हे बॉटनेट बंद पाडलं. दिवसाला ३,००० कोटी मेल पाठवायची त्याची क्षमता होती. त्याच वर्षी सॅन डिएगो आणि बर्कलीच्या संशोधकांनी स्पॅममधून विकली जाणारी औषधं, नकली घड्याळं आणि चोरीची सॉफ्टवेअरं प्रत्यक्ष विकत घेऊन पैशांचा माग काढला. ९५ टक्के मालाचे पैसे मोजक्या बँकांतून फिरत होते. करोडो मेल, हजारो वेबसाइटी, आणि गल्ल्याचं तोंड मात्र एवढंसं.

फिल्टर कसा काम करतो ते इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. ऑगस्ट २००२मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने एक लेख लिहिला. तोवर लोक स्पॅम ओळखायचे नियम हाताने लिहीत: विषयात अमुक शब्द असेल तर अडवा, तमुक असेल तर सोडा. ग्रॅहमने नियम लिहायचेच सोडले. त्याने सुमारे ४,००० नको असलेले आणि ४,००० हवे असलेले मेल घेतले, प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजलं, आणि प्रत्येक शब्दाला एक संभाव्यता दिली. नवा मेल आला की त्यातले सर्वांत बोलके १५ शब्द घ्यायचे आणि अठराव्या शतकातल्या थॉमस बेझच्या सूत्राने त्यांची संभाव्यता एकत्र करायची. ती ०.९च्या वर गेली तर स्पॅम. त्याच्या चाचणीत हजारात पाचच मेल निसटले आणि चांगला मेल एकही अडकला नाही.

यातलं मर्म गणितात नाही, ढिगांत आहे. हा मेल नको आणि हा हवा, हे आधी माणसाने सांगितल्याशिवाय यंत्राला काहीच शिकता येत नाही. आजचे फिल्टर ग्रॅहमच्या फिल्टरपेक्षा कितीतरी पुढे गेले आहेत, पण ढीग लावायचं काम अजूनही आपल्याच बोटांकडे आहे.

मग माझा इनबॉक्स भरलेला का?

गूगल म्हणतं की जीमेल ९९.९ टक्क्यांहून जास्त स्पॅम, फसवे आणि घातक मेल अडवतं, आणि हा आकडा दिवसाला सुमारे १,५०० कोटी मेलचा आहे. हे मान्य करून त्रैराशिक मांडू. ९९.९ टक्के म्हणजे १,५०० कोटी, तर निसटलेले ०.१ टक्के म्हणजे दीड कोटी. जीमेल वापरणारे दीडशे कोटींहून जास्त. म्हणजे शंभर माणसांमागे दिवसाला जास्तीत जास्त एक मेल निसटतो. एका माणसाच्या वाट्याला तीन-साडेतीन महिन्यांतून एक.

पण सकाळी फोन उघडल्यावर तुम्हाला आणि मला जे दिसतं ते असं मुळीच नसतं. तिथे दहा-वीस मेल असे असतात की त्यातला एकही आपल्याला नको. मग ते येतात कुठून? ते फिल्टरच्या व्याख्येतले स्पॅम नाहीत. एकदा विमानाचं तिकीट काढलं, एकदा चष्मा मागवला, मुलीच्या क्लासची चौकशी केली, मॉलमध्ये बिलाच्या वेळी काउंटरवरच्या मुलाने मेल आयडी विचारला आणि मागे रांग होती म्हणून सांगून टाकला. तिथून ते येतात. पाठवणाऱ्याचं नाव खरं असतं, पत्ता खरा असतो आणि खाली बारीक अक्षरात ‘अनसबस्क्राइब’ असतं. यंत्राच्या नजरेत हे आपलेच पाहुणे.

इथेच आपली सगळ्यांत मोठी चूक होते. आपण ते पुसतो. पुसणं तीन सेकंदांचं काम वाटतं. दिवसाला २० मेल धरले तर रोज एक मिनिट, वर्षाला सहा तास. अनसबस्क्राइब करायला समजा २० सेकंद लागतात, म्हणजे सात वेळा पुसण्याइतके. रोज मेल पाठवणाऱ्याच्या बाबतीत हे २० सेकंद आठवड्यात वसूल होतात. महिन्याला एक मेल पाठवणाऱ्यासाठी सात महिने लागतात. म्हणून सुरुवात रोजवाल्यांपासून करावी. जीमेलने जुलै २०२५पासून सदस्यत्वांची वेगळी यादी दिली आहे. कोण किती वारंवार पाठवतं ते तिथे दिसतं आणि तिथूनच नाव काढता येतं. ती सोय तुमच्याकडे नसेल तर शोधाच्या चौकटीत ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द इंग्रजीत टाका. सगळी पलटण एका रांगेत समोर येते.

वेळेपेक्षाही मोठा हिशेब दुसरा आहे. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केली पाहिजे, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब दिलं पाहिजे आणि ते दोन दिवसांत अमलात आणलं पाहिजे. अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्याने यालाच कामकाजाचे दहा दिवस दिले होते. मे २०२५पासून मायक्रोसॉफ्टनेही घाऊक पाठवणाऱ्यांना ओळख सिद्ध करणं सक्तीचं केलं. पण या नियमांतला माझ्या मते सर्वांत वजनदार आकडा ०.३ हा आहे. मेल ज्यांना पोचला त्यांच्यापैकी किती जणांनी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार केली, हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली असावं आणि ०.३ टक्क्याला कधीच पोचू नये, असं गूगल सांगतं. पोचलं तर त्या पाठवणाऱ्याचे मेल इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये जाऊ लागतात.

०.३ टक्का म्हणजे हजारात तीन. लाख लोकांना मेल पाठवणाऱ्या बड्या दुकानाचा सगळा मेल-प्रचार तीनशे माणसं अडचणीत आणू शकतात. ज्याला सव्वा कोटीत एक गिऱ्हाईक पुरत होतं त्या जगातून आपण हजारात तिघांची नाराजी महाग पडणाऱ्या जगात आलो आहोत, आणि बहुतेकांना याचा पत्ता नाही. पुसलेला मेल या मोजणीत तक्रार म्हणून धरला जात नाही. तुम्ही वर्षभर रोज चिडून पुसत राहिलात तरी त्या मोजणीत तुमची तक्रार शून्य. अनसबस्क्राइब करूनही मेल येत राहिला, किंवा तुम्ही पत्ता दिलाच नव्हता, तर ‘स्पॅम’चं बटण दाबा.

आणि तितक्याच कळकळीने उलट बाजूही सांगतो. आपणहून घेतलेलं वार्तापत्र कंटाळा आला म्हणून स्पॅममध्ये टाकू नका. परदेशातली महाराष्ट्र मंडळं, गावाकडची वाचनालयं, एखादं छोटं नियतकालिक आपल्या सदस्यांना मेल पाठवतात. ६०० जणांच्या यादीत दोन तक्रारी झाल्या की ०.३३ टक्के होतात. त्यांच्यासाठी अनसबस्क्राइब आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

खरोखर अनोळखी, संशयास्पद मेलला नियम उलटा. तिथे आतली अनसबस्क्राइबची लिंकही दाबू नये, कारण दाबलं की पत्त्यावर जिवंत माणूस आहे हे पलीकडे कळतं. चित्रं आपोआप उघडू न देण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती लावावी. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका ठिपक्याएवढ्या चित्रातून मेल उघडल्याची खबर जाऊ शकते. पत्ता बाहेर कसा गेला याचा शोध घेण्यात फारसा अर्थ नाही. जानेवारी २०१९मध्ये ऑस्ट्रेलियाचे सायबर सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी उघड केलेल्या फुटलेल्या माहितीच्या एकाच गठ्ठ्यात ७७,२९,०४,९९१ वेगवेगळे मेल पत्ते होते. पुढच्यासाठी मात्र दोन पत्ते ठेवणं सोपं आहे: माणसांसाठी एक, दुकानांसाठी दुसरा. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. चष्म्याच्या दुकानाला ‘चष्मा’ जोडून पत्ता दिला, आणि त्यावर उद्या कर्जाची जाहिरात आली, तर पत्ता कुठून गेला ते लगेच दिसतं.

कायदा आणि बँकेचं नाव

भारतात नको असलेल्या मेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. फोन आणि एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८चे नियम आहेत, तक्रारीसाठी १९०९ हा क्रमांक आहे. मेल त्यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात, पाठवणारा कोण याबाबत दिशाभूल करणाऱ्या किंवा त्रास देण्यासाठी पाठवलेल्या मेलचा उल्लेख होता. पण त्याच कलमाखाली नोव्हेंबर २०१२मध्ये आपल्या पालघरमध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्ण रद्द केलं. अभिव्यक्तीसाठी तो निकाल आवश्यक होता, याबद्दल मला शंका नाही. त्याबरोबर मेलपुरती जी जागा मोकळी झाली ती मात्र भरली गेली नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, असं म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल ओळखायला एक नवी खूण आली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपल्या वेबसाइटी ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं. हा पत्ता बँकांखेरीज कुणालाही मिळत नाही. सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. लिंकचा पत्ता वाचताना, सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचायचा. सुरुवातीला बँकेचं नाव कितीही ठळक असलं तरी खरा मालक शेवटी असतो. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक, आणि तोही लगेच.

हे मी वडिलांना शिकवत होतो तेव्हा मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. आमच्या जुन्या घरात दाराजवळ एक तार असे, आलेलं प्रत्येक पत्र वाचून झाल्यावर तिच्यात ओवलेलं. पत्र आलं म्हणजे कुणीतरी आपली आठवण काढली, ते वाचायचं आणि उत्तर द्यायचं, ही वडिलांची रीत. ते मेलही तसेच वाचत. विम्याच्या जाहिरातीला त्यांनी ‘सध्या गरज नाही, आभार’ असं सविस्तर उत्तर लिहिलेलं मी पाहिलं. त्यांना वेंधळं म्हणणं फार सोपं आहे. स्पॅमवाला ज्यावर जगतो तो हाच आदर आहे.

दोन रविवार आम्ही शेजारी बसून एकेक नाव काढत गेलो. दुसऱ्या रविवारी स्पॅमचा कप्पाही उघडला, कारण जीमेल तिथलं सगळं ३० दिवसांनी कायमचं पुसून टाकतं आणि फिल्टरची चूक तिथेच सापडते. लॉटऱ्या, औषधं, कुठल्याशा कुरिअरचं अडलेलं पार्सल, आणि त्यांच्यामध्ये वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मेल. एकाच वेळी बऱ्याच जणांना पाठवलेलं स्नेहमेळाव्याचं आमंत्रण, चोवीस दिवसांपूर्वीचं. आम्ही ‘स्पॅम नाही’ दाबलं, पत्ता संपर्कात जतन केला. वडिलांनी चष्मा सारखा केला, कीबोर्ड जवळ ओढला आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहिलं, स. न. वि. वि.